शालनची जागा

"या, इथंच बसा, शालनताईंच्या जागेवर," तात्या म्हणाले आणि दुखरे गुडघे हातानं उचलून उजवीकडे सरकले. शालन माझी बायको. ती गेल्यावर तिच्या प्रार्थना मंडळात मी पहिल्यांदाच आलो होतो. घरात तिची शेवटची धाप कानातून जात नव्हती.

मंडळाची रीत साधी आहे. डोळे मिटायचे. स्वतःसाठी काही मागायचं नाही, उजवीकडे बसलेल्यासाठी मोठ्यानं मागायचं. माझ्या डावीकडच्या गोदाक्कांनी हात जोडले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाल्या, "देवा, आमच्या शालनचा दमा कमी होऊ दे."

सगळ्यांनी डोळे उघडले. अक्कांनी तोंडाला पदर लावला. "चुकले रे बाबा! जीभ जळो माझी."

"चुकलं नाही, अक्का," मी म्हणालो. "गेला तिचा दमा. आता तिला धाप लागत नाही."

बोललो आणि ते मलाही पटलं. मी छातीभर श्वास घेतला.

"अहो, आता तुमची पाळी," तात्या कोपरानं ढोसत म्हणाले. "माझे गुडघे ताटकळलेत."

मी डोळे मिटले आणि तात्यांच्या गुडघ्यांसाठी अगदी मनापासून मागितलं.