काही लागलं तर विचार

गिऱ्हाइकाची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवून ती नेहमीचं विचारत होती, हे अक्षर स्पष्ट की हे, तेवढ्यात खिशात फोन पुन्हा थरथरला. सकाळपासून हेच चाललं होतं. चष्म्याच्या दुकानातली आतली अंधारी खोली, समोर डोळे ताणून बसलेला माणूस, आणि खिशात आई.

आई विमानात होती, परदेशात लेकीकडे राहायला निघालेली. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही एकटीचा आणि चांगला दिवसभराचा. विमानातही आता इंटरनेट मिळतं हे कळल्यावर लेकीनेच तिकिटाबरोबर ते घेऊन ठेवलं होतं, आणि वर बजावलं होतं की घाबरायचं नाही, काही लागलं तर विचार. आता आई म्हणजे शब्दाची पक्की. विचार म्हटलं ना, मग ती विचारत होती. समोरचा टीव्ही बंद कसा करायचा, शेजारणीच्या डोळ्यांवर उजेड येतोय. पांघरूण दिलंय ते उतरताना घडी करून परत द्यायचं का. बाहेर लख्ख ऊन आहे पण खिडक्या लावून सगळे झोपलेत, तर मीही झोपू का.

सुरुवातीला लेक हसली होती. मग नुसत्या 'हो', 'नाही'वर आली. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती, दुकानाचा मालक काचेतून डोकावून गेला होता, आणि त्यात आईने विचारलं, पाणी एकदा दिलंय, आता परत मागितलं तर बरं दिसेल का. लेकीचं डोकंच उठलं. गिऱ्हाइकाला डोळे मिटून बसायला सांगून तिने नवऱ्याला भराभरा लिहिलं: 'नेट घेऊन दिलं हीच चूक झाली. अजून उतरलीसुद्धा नाही तर आईने जीव नकोसा केलाय. तीन महिने कसे काढायचे हिच्याबरोबर?'

पाठवलं, आणि मग वरचं नाव बघितलं. आई.

मेसेजखाली एकच टिक होती, म्हणजे तो अजून पोचला नव्हता. विमानातलं नेट मधूनमधून जातंच. पुसायला वेळ होता. तिने मेसेज दाबून धरला, पर्याय आले, सगळ्यांसाठी पुसा, फक्त माझ्यासाठी पुसा, आणि दिवसभर लोकांची नजर तपासणाऱ्या त्या बाईने घाईघाईत नेमकं खालचं दाबलं. मेसेज गेला. तिच्या फोनवरून गेला, फक्त तिच्याच. आईकडे तो जायचा तसा जाणारच होता, आणि आता त्याला हात लावायचीही सोय उरली नव्हती.

"डोळे उघडू का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, अगं पोचणारच नाही तो, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. त्याचं काय जातंय असं म्हणायला. तिने आईला गोड गोड लिहिलं: 'आई, पाणी हवं तेवढं माग. काही लागलं तर विचार हं.' बराच वेळ त्याच्याखालीही एकच टिक राहिली. मग दुसरी आली. मग दोन्ही निळ्या झाल्या. हा पोचला म्हणजे आधीचाही पोचला. तिने उत्तराची वाट बघितली. विमान उतरेपर्यंत आईने एकही प्रश्न विचारला नाही. दोन वर्षं 'ये ना गं, ये ना' म्हणून आईच्या मागे कोण लागलं होतं? हीच. तिला स्वतःची लाज वाटली.

विमानतळावर आई सामानाची गाडी ढकलत एकटीच बाहेर आली. कुठे अडलं नाही ना, असं लेकीने विचारलं, तर म्हणाली, नाही गं, सगळ्यांच्या मागे मागे आले. लेकीच्या गालावरून हात फिरवला, बारीक झालीस म्हणाली. घरी जाताना आई गाडीच्या खिडकीतून बघत राहिली. लेकच आपणहून सांगत सुटली, हा नवा पूल, ते आमचं दुकान, या रस्त्याला कायम गर्दी असते. आई 'हो का', 'छान आहे' एवढंच म्हणत होती.

शेवटी न राहवून लेक म्हणाली, "आई, तो मेसेज..."

"कुठला?" आई इतक्या चटकन म्हणाली की लेकीला कळायचं ते कळलं. "नेट सारखं जातच होतं गं."

घरी आल्यावर आई अंघोळीला गेली. न्हाणीघरातला नळ मोठा विचित्र होता. दांडा आधी वर ओढायचा, मग डावीकडे फिरवून जरा थांबायचं, तेव्हा कुठे गरम पाणी. नवीन आलेल्या कुणालाही तो सांगितल्याशिवाय जमायचा नाही. लेकीने मुद्दामच सांगितलं नाही. आई ऐन उन्हाळ्यातही कढत पाण्याशिवाय अंघोळ न करणारी. ती हाक मारणार, नळ कसा चालतो ते विचारणार, आणि मग आपण आत जाऊन अगदी प्रेमाने दाखवणार. ती दाराबाहेरच उभी राहिली, हाकेला ओ द्यायच्या तयारीत.

आतून पाण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बंद झाला. हाक काही आली नाही.

दार उघडून आई बाहेर आली. केस ओले, हातात टॉवेल. लेकीला समोर बघून जरा घुटमळली.

"एक विचारलं तर चालेल का गं?"

लेकीने मान हलवली.

"हा टॉवेल कुठे वाळत घालू?"

लेकीने टॉवेल घ्यायला हात पुढे केला. आईची बोटं गारठली होती.