सुईतली साखर

स्कॅनआधी आम्ही माणसाला किरणोत्सारी साखर टोचतो आणि तासभर स्वस्थ बसवतो. संशोधनासाठी आलेले आजोबा आतल्या खोलीत एकटेच बसले होते.

स्कॅनमध्ये त्यांच्या अंगात साखर निम्मीच दिसली. सिरिंज तर रिकामी होती.

"आजोबा, औषध कुठं सांडलं का?"

"छे. अर्धी हिला दिली," ते ओशाळून म्हणाले. "मधुमेहापायी जन्मभर गोडाला मुकली बिचारी. आता वर गेल्यावर कसलं आलंय पथ्य?"

मला हसू आलं. तरी नेमाप्रमाणे किरणं मोजायचं यंत्र घेऊन मी ती खोली तपासली. आजोबांच्या खुर्चीपाशी ते जेमतेम टिकटिकलं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी मात्र थांबेचना.

दारातून आजोबांनी हळूच हाक मारली, "चल गं, झालं आपलं."

टिकटिक थांबली.