मास्तरांचा ट्रॅक्टर

मिस्त्रीने शेडमध्ये येऊन पिशवी खाली ठेवली, ट्रॅक्टरची सीट उचलली आणि खाली हात घातला. काकू दारातच उभ्या होत्या. जाळ्याजळमटांनी माखलेला हात रिकामाच बाहेर आला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. उंदरांनी काही कुरतडलंय का, बघत होतो."

गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर होता तो, पंचवीसएक वर्षांचा. लाल रंग विटून गेलेला, बॉनेट दोरीने बांधलेलं. मास्तर होते तोवर दर रविवारी घरामागचा अख्खा उतार ते त्याच्यावर बसून कापायचे. मास्तरांना जाऊन आता चार महिने झाले होते. गवत कमरेला लागत होतं आणि ट्रॅक्टर काही केल्या चालू होत नव्हता.

मिस्त्रीला खरं तर इथे यायचंच नव्हतं. काकूंचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा त्याने आज-उद्या केलं. तिसऱ्यांदा फोन त्याच्या बायकोने घेतला. "एकटी बाई आहे, जाऊन या की," ती म्हणाली. "मशीन काय खातंय तुम्हाला?" मग तिचं तिलाच कसंतरी झालं आणि ती आत निघून गेली.

"पहिल्यांदाच येताय ना आमच्याकडे?" काकू म्हणाल्या.

"हो. पहिल्यांदाच."

त्याने उभ्या-उभ्याच किल्ली फिरवली. काहीच नाही. साधं टक्कसुद्धा नाही. शेडच्या मागच्या दारातून उतार दिसत होता. वारा पडलेला होता, तरी गवतात मधेच एक रेघ हलली आणि थांबली.

मग तो कामाला लागला. बॅटरीची टोकं घासली, दिवा लावून पाहिला. दिवा लख्ख पेटला. फ्यूज शाबूत होता. पेट्रोल ताजं होतं, प्लगही कोरडा. अर्धा तास गेला. काकू एक स्टूल घेऊन त्याच्या मागे बसल्या होत्या. त्यांची नजर त्याला पाठीवर जाणवत होती.

"मशीनला माणूस कळतो म्हणायचे हे," काकू सावकाश बोलल्या. "मला तेव्हा हसू यायचं. आता नाही येत. रोज चारच्या सुमाराला ही सीट वाजते. कुणी टेकल्यावर वाजते ना, तशी."

मिस्त्रीच्या हातातला पाना निसटून फरशीवर पडला. चार वाजायला दहा मिनिटं होती.

"स्प्रिंग जुनी आहे, काकू. उन्हाने वाजत असेल."

"असेल."

तो पुन्हा सीटकडे वळला. सीटच्या मधोमध मास्तरांच्या बसण्याने खळगा पडला होता. त्याने ती उचलली. खाली दोन वायरी नुसत्याच लोंबत होत्या.

"हे बघा, इथे गडबड आहे," तो म्हणाला. "सीटखाली एक बटण असतं. माणूस बसला की ते दबतं, तेव्हाच मशीन चालू होतं. इथलं बटणच गायब आहे."

"म्हणजे माणूस उठला की मशीन बंद पडतं?"

"पडायला हवं."

"मग त्या दिवशी का नाही पडलं?" काकूंचा आवाज जराही चढला नव्हता. "वाटेत फांदी पडली होती. ती उचलायला हे खाली उतरले, वाकले. ते मागून चालत आलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. वर कुणी नव्हतं आणि ते चालत होतं."

मिस्त्रीने खाली पडलेला पाना उचलला. "जुन्या मशीनचा काय भरवसा, काकू," तो कसाबसा म्हणाला.

"खरं आहे. पण चालू तर करून द्या. मला तो आवाज एकदा ऐकायचाय."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. त्याने खिशातून बोटभर वायर काढली, दोन्ही टोकं सोलली, लोंबणाऱ्या वायरींना पीळ देऊन जोडली आणि वरून काळी टेप गुंडाळली. सीट खाली केली. त्या खळग्यात बसायचा त्याला धीर होईना, म्हणून बाजूला उभं राहूनच त्याने किल्ली फिरवली.

ट्रॅक्टर एकदा खोकला आणि धडधडू लागला. पत्रे थरथरले. रिकामी सीट हलत राहिली, कुणीतरी बसून डुलत असावं तशी. काकू टक लावून तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"बंद करा," त्या म्हणाल्या.

त्याने किल्ली फिरवली. इतकी शांतता झाली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"ही जोडणी तात्पुरती आहे हं," तो घाईघाईने पिशवी आवरत म्हणाला. "उद्या नवं बटण आणून बसवतो. तोवर हात लावू नका."

"मागच्या वर्षीही असाच अडून बसला होता," काकू म्हणाल्या. "मी तेव्हा लेकीकडे होते. कुणीतरी येऊन दहा मिनिटांत चालू करून दिला, एवढंच हे फोनवर बोलले. कोण ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही."

त्यांनी स्वेटरच्या खिशातून मूठ बाहेर काढली आणि उघडली. तळहातावर बोटभर वायरीचा तुकडा होता. दोन्ही टोकांना काळी टेप.

"हा मी काढून ठेवला आणि गावातल्या एकेका मिस्त्रीला फोन लावत गेले. तुमच्या आधी चौघे येऊन गेले," काकू म्हणाल्या. "चौघांनीही आल्याबरोबर आधी बॅटरी पाहिली."