मावशींचं मत

युद्धाच्या पिक्चरवर पेपरवाले फिदा होते. मावशी मात्र तोंड वाकडं करूनच बाहेर आल्या.

"टुकार!"

त्याआधीचा फुटबॉलचा पिक्चर लोक मध्यंतरातच सोडून जात होते. तो त्यांनी दोनदा पाहिला होता.

डोअरकीपर हसला. "मावशी, तुमचं आपलं सगळ्यांच्या उलटंच!"

त्यांनी पर्समधून मुलाचा फोटो काढला. "पिक्चरच्या गर्दीत उभा राहायचा. कंपनीने एकदा त्याचा चेहरा, अंग, सगळं कॉम्प्युटरमध्ये घेऊन ठेवलं. तो गेला, तरी गर्दी लागली की अजून त्यालाच उभा करतात. फुटबॉलमध्ये कसा टाळ्या वाजवत बसला होता! आज मेल्यांनी चार ठिकाणी मारला त्याला."

डोअरकीपरने फोटो नीट पाहून घेतला.

पुढच्या शुक्रवारी महापुराचा पिक्चर लागला. पोस्टरवर माणसांनी भरलेला पूल कोसळत होता. दुपारच्या खेळाला मावशी आल्या, तिकीट पुढे केलं. सकाळचा खेळ डोअरकीपरने दाराशी उभं राहून पूर्ण पाहिला होता. त्याने तिकीट फाडलं नाही.

"नका जाऊ, मावशी. पुलावर आहे तो."