सोळा रंगांतला फोटो

थोरल्या भावाला त्याने फोटोतून सरळ कापून टाकलं. वडिलांच्या आजारपणात जो फिरकला नाही, त्याला वडिलांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर कशाला मिरवायचं?

उरले वडील आणि तो. एवढा फोटो त्या यंत्राला झेपतील अशा सोळा रंगांत बसवून त्याने चढवला. पडद्यावर वरून एकेक ओळ उमटू लागली. वडिलांचं टक्कल आलं, त्याचे कुरळे केस आले आणि मधोमध थोरल्याचा भांग.

दातओठ खात त्याने आपल्या लॅपटॉपवर फाइल तपासली. तिच्यात दोघंच होते.

"गेल्यावरही त्याचीच बाजू घेताय, बाबा," तो पडद्यावर खेकसला आणि सगळं नव्याने केलं. या खेपेला वडिलांचा हात थोरल्याच्या खांद्यावर होता. तो स्वतः पार कडेला सरकला होता.

तिसऱ्यांदा त्याने थोरल्याची जागा भिंतीच्या करड्या रंगाने, ठिपका न् ठिपका, बुजवून टाकली.

चित्र पुरतं उमटलं तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली.

"बाबा आणि मोठे भाऊजी किती छान हसतायत," ती म्हणाली. "फोटो तुम्ही काढलात वाटतं?"