चालून दाखव

धनलक्ष्मी टीचरनं गौरम्माची नात भर वर्गात विकायला काढली होती. वर्ग सातवीचा, तास इतिहासाचा, नाटक अमेरिकेतल्या गुलामांच्या बाजाराचं. आणि शिवलीला हे घरी येऊन हसत सांगते काय! रविवारी मंद्रूपला धाकट्या लेकासाठी, शिवशरणसाठी, मुलगी बघायला जायचं होतं, घरात हजार कामं पडली होती. तरी गौरम्मा सून महेश्वरीला मागं घेऊन शाळेत धडकली. शिक्षण दुसरीपर्यंत, पण आवाज मुख्याध्यापकाचा.

"नातीला नाटकातून काढा, टीचर. आमच्या घरातल्या पोरी बाजारात उभ्या राहत न्हाईत."

"काढते. आधी एकदा बघा तरी," म्हणत टीचरनं खुर्ची पुढं केली.

शिवलीला बाकावर उभी होती. हाताला सुतळी. ऋतुराज गिऱ्हाईक झाला होता. तो लांबूनच म्हणाला, "बरी आहे. घेतो."

गौरम्माला राहवेना. मेथीची जुडीसुद्धा ती उलटून बघितल्याशिवाय घेत नसे.

"असं बघत्यात व्हय रं? चालून दाखव म्हण तिला. लंगडत असली म्हंजे? केस सोडाय लाव, गंगावन असतंय. दात बघ. हात उलटे कर, कामाचे हायत का कळतंय. आन् बोलाय लाव, मुकी निघाली तर कुटं परत देणार?"

ऋतुराजनं तसंच केलं. शिवलीला चालली. केस सोडले. दात दाखवले. आता ती हसत नव्हती.

"आजी, हे सगळं कुठं शिकलात?" टीचरला खरंच कौतुक वाटलं होतं.

"शिकायचं काय त्यात? ही आमची महेश्वरी, अशीच तर पारखून..."

बोलता बोलता गौरम्मानं मागं पाहिलं. महेश्वरीनं अंबाडा हातानं घट्ट धरला होता.

गौरम्मा उठली. नातीच्या हाताची सुतळी सोडायला गेली. गाठ लवकर सुटेना. शेवटी सुटली, तेव्हा ती टीचरकडं वळली.

"पोरगी राहू दे नाटकात. पण टीचर, तुमी माझं वाटोळं केलं बगा. रविवारी त्या मंद्रूपच्या पोरीला कुठल्या तोंडानं चालाय लावू आता? उलट तिनंच मला चालून दाखवा म्हटलं, तर माझे गुडघे बघून स्थळ मोडंल की!"