चोचीचं विमान

विलायती कंपन्यांनी कोणत्या साली कोणतं विमान उडवलं, हे पिराजी गुरुजींना कॉमेटपासून कॉन्कॉर्डपर्यंत तोंडपाठ. स्वतः मात्र जन्मात एसटीशिवाय कशात बसले नाहीत.

एका सकाळी उमरीच्या चौकात वीस फुटी फ्लेक्स झळकला : 'उमरी ते मुंबई विमानसेवा! तात्यासाहेबांचे जाहीर आभार!' विमानतळाच्या जागेत अजून सोयाबीन डोलत होतं, पण त्याची गावाला सवय होती. गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती फ्लेक्सवरचा विमानाचा फोटो बघून.

ते तडक आमदार तात्यांच्या बैठकीत शिरले.

"तात्या, लई हसं होऊन राहिलंय तुमचं! हे चोचीचं विमान म्हंजे कॉन्कॉर्ड. इंग्रजांनी ते दोन हजार तीन सालीच बंद केलं. आता जगात कुठंच उडत न्हाई."

तात्यांनी शांतपणे गुरुजींपुढं चहाची कपबशी सरकवली.

"माहीत हाय, गुरुजी. मुद्दाम हुडकून काढलंय. मागल्या निवडणुकीला चालू विमानाचा फोटो टाकला होता...



...तर लोकं बॅगा घेऊन तिकीट मागायला दारात आली."